जमिनीकडे पाठ

दुकानदाराने तिन्ही यंत्रं काचेवर ओळीने मांडली. बाबांनी त्यांतलं एकही हातात घेतलं नाही. त्यांनी बादली मागितली.

"बादली?" दुकानदार म्हणाला.

"पाण्याची. बुडवन बघतंय."

"काका, वॉटरप्रूफ आहे. खोक्यावर लिहिलंय बघा."

"खोक्यार काय पण लिवतत. माझ्या रेडिओच्या खोक्यार पण लिवलेला होता. तो आता माशांका गाणी ऐकवता."

मी हळूच म्हटलं, "बाबा, नव्या यंत्र बुडवक देवचे नाय ते."

"मगे जुन्या देवंदे. मी खय नव्याचो हट्ट धरलंय?"

दुकानदार सांगलीकडचा तरुण होता, नुकतंच दुकान टाकलेला. तो हसला आणि आतून बादली घेऊन आला. गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवलेलं, कडा झिजलेलं एक यंत्र त्याने पाण्यात सोडलं. ते खाली गेलं, वर आलं आणि तरंगत राहिलं. बाबा वाकून बघत होते. पोहायला शिकणाऱ्या पोराकडे काठावरून बघावं तसे.

"तरंगता," ते मला म्हणाले, जणू मला ते दिसलंच नव्हतं.

जुलै संपत आला होता. मासेमारीची बंदी उठायला थोडे दिवस उरले होते, होड्या अजून किनाऱ्यावर झावळ्यांखाली झाकलेल्या होत्या. मी कोल्हापूरहून आले होते. तिथल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी काम करते. बाबांनी स्वतः फोन करून मला बोलावलं होतं, आणि घरात तीच मोठी गोष्ट झाली होती. एरवी फोन आई करायची आणि बाबा पाठीमागून ओरडायचे, "बरो आसय म्हणान सांग." या वेळी त्यांनीच नंबर लावला आणि म्हणाले, "माका एक जीपीएस घेवचा आसा. तू ये."

वाडीतल्या इतरांनी ही यंत्रं घेतली तेव्हा हेच बाबा त्यांना हसत असत. "डोंगर थयच आसा, देऊळ थयच आसा. हो डबो नवीन काय सांगतलो?" आमची होडी लहान. तिच्यावर बाबा आणि त्यांचे जन्माचे सोबती दाजी खवणेकर, असे दोघंच. लांब जायचं नाही, किनारा दिसेनासा होईल इतकं तर कधीच नाही. अशा माणसाला दिशा दाखवणारं यंत्र कशाला हवं, हे मी फोनवर विचारलं नाही. वय झालं, असं मनात म्हटलं.

"काका, तुमची स्वतःची बोट आहे ना?" दुकानदार मोठं खोकं पुढे सरकवत म्हणाला. "मग हे घ्या. बोटीला बसवायचं. मोठा पडदा, आणि खाली मासे असले तर तेही दाखवतं."

"मासे दाखवता?"

"दाखवतं ना."

"मगे पकडूचे कित्याक? बघानच पोट भरूया."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी काचेकडे पाहिलं.

"माका हातातला होया," बाबा म्हणाले. "होडयेर बसयलेला होडयेरच रवतला. माका घराक नेवचा आसा."

"चोरीची भीती आहे का?"

"चोर खयचे आमच्या वाडीत? सगळे नातेवाईक."

मग त्यांनी प्रश्न सुरू केले. कसले चार्जर नकोत, वाण्याकडे मिळतात ते साधे सेल चालतात का. चालतात. पावसात चालतं का. चालतं. डोंगरावर चालतं का. उघड्यावर कुठेही चालतं, फक्त डोक्यावर आकाश मोकळं पाहिजे. झाडाखाली?

"काका, मासे पकडायचे आहेत ना?"

"होय तर."

"मग झाडाखाली कशाला?"

"इचारून ठेवलेला बरा."

दुकानदार आम्हाला बाहेर पायरीवर घेऊन आला. पाऊस थांबला होता. आकाशातल्या उपग्रहांशी यंत्राचं जुळेपर्यंत कसं थांबायचं, ते त्याने दाखवलं. ज्या जागेची खूण हवी, तिथे उभं राहायचं आणि हे बटण दाबून धरायचं. बीप वाजली की झालं. पुढे कधीही ती खूण निवडली, की आपण असू तिथून ती कोणत्या दिशेला आहे, ते आकड्यात दिसतं.

"दोन खुणो आसल्यो तर?" बाबांनी विचारलं.

"दोन काय, पाचशे ठेवा."

"तसा नाय. दोघांचो आकडो एकच येयत काय?"

दुकानदार जरा थांबला. "येईल की. दोन्ही खुणा तुमच्या समोर एका रेषेत आल्या, एकीमागे एक, तर दोन्हींचा आकडा एकच येईल."

"परत सांग."

त्याने परत सांगितलं. बाबांनी मान हलवली. तिन्हींत आकडे सर्वांत ठळक दाखवणारं ते यंत्र त्यांनी उचललं आणि माझ्या हातात दिलं.

"आदी तू शीक."

"वापरूचा तुमका आसा."

"तू शीक गो."

मी बटण दाबलं, बीप वाजली, खूण आली. मी ती पुसली. त्यांनी परत करायला लावलं. त्यांचं लक्ष यंत्राकडे नव्हतं, माझ्या अंगठ्याकडे होतं. तिसऱ्यांदा झाल्यावर मी म्हटलं, "आता तुमी करा."

"मी बघलंय. तुका येता मा? झाला मगे."

स्टँडवर त्यांनी आईसाठी खाजं घेतलं. बसमध्ये खोकं मांडीवर ठेवून बसले आणि वाडी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

संध्याकाळी जरा उघडीप होती. आई पडवीत सुकवलेल्या कोळंबीची सुंगटं निवडत बसली होती. बाबा यंत्र घेऊन घरालगतच्या परड्यात गेले आणि माडाच्या बुंध्यापाशी उभे राहिले. तो माड आमच्या आजोबांच्याही आधीचा, वाडीतल्या सगळ्या माडांहून उंच, वर जरा दक्षिणेकडे कललेला. आदल्या वर्षीच्या वादळात तो मोडून पडला. खोडाचे तुकडे करून नेले, जमिनीत घट्ट रुतलेला बुंधा तेवढा राहिला. बाबा त्याला टेकून, यंत्र छातीशी धरून आकाशाकडे बघत होते.

"त्या मेल्या माडाची पूजा झाली आसली तर जेवक या," आई म्हणाली.

बीप वाजली. "गावला," बाबा म्हणाले. मग मला हाक मारली. "चारू, हय ये. हय उभी रव, माझ्या जाग्यार."

मी उभी राहिले.

"वर बघ. पांढरो दगड दिसता?"

घरामागच्या डोंगराच्या उतारावर, झाडी संपते तिथे एक मोठा पांढरट खडक होता. लहानपणापासून तो दिसायचाच. "दिसता."

"दर्यातसून बघलंस की हो माड त्या दगडाच्या बरोबर पोटात बसता. असो." त्यांनी एक तळवा उभा धरला आणि त्याच्यापुढे दुसऱ्या हाताचं बोट. "आणि तकडे रवळनाथाचो कळस डोंगराच्या खांडीत बसता. मधोमध. जरा पण हय-थय नाय." डोंगराच्या माथ्यावरची खाच त्यांनी दोन बोटांमध्ये दाखवली.

माड अजून उभाच असल्यासारखे ते बोलत होते. मी म्हटलं, "बाबा, माड पडलो तेका वरीस होत इला."

"मूळ खय पडला? मूळ आसा थयच."

"जेवण थंड होता," आई म्हणाली. "दोघा पण आयकणत नाय."

बाबा हसले. आम्ही हातपाय धुऊन आत गेलो.

सकाळी मला बसवर सोडायला ते आले. सदऱ्याच्या खिशात ते यंत्र होतं, खिसा फुगलेला.

"ह्या कित्याक घेतलास?"

"सवय होवक होयी."

"दर्या अजून बंद आसा."

"दर्या बंद आसा. पाय बंद नाय." बस वळणावर दिसली तेव्हा त्यांनी माझी पिशवी उचलली. "पोचलंस की फोन कर. आवशीक नाय, माका कर."

घाटाखाली फोंड्याला बस चहासाठी थांबली तेव्हा फोन वाजला. दाजीकाका होते.

"चारू, परत ये गो." मागे कुणीतरी बोलत असल्याचा आवाज. "बापूस गेलो तुझो."

"दर्यात?"

बंदी आहे, होडी झावळ्यांखाली आहे, हे मला माहीत होतं. तरी तोंडून तेच आलं.

"नाय गो. डोंगरार."

गुरं घेऊन गेलेल्या माणसाला ते दिसले होते. पायवाटेच्या कडेला, कातळाला पाठ लावून बसलेले. त्याला वाटलं, दम खायला बसलेत. डॉक्टर म्हणाले, हृदय. पाऊस पडत होता आणि ते चिंब भिजले होते. छत्री शेजारी होती, मिटलेली. यंत्र हातात होतं.

त्या मिटलेल्या छत्रीवरून फार बोलणं झालं. येणारे-जाणारे आधी आईजवळ बसायचे, मग उठून पडवीत यायचे आणि हलक्या आवाजात सुरू व्हायचे. दर्यावर्दी माणूस, जन्म पाण्यात गेला, डोंगरावर कशाला गेला असेल. भर पावसात छत्री मिटून कोण बसतं. भ्रम झाला असणार. माड पडला तेव्हापासूनच जरा बिघडलं होतं, संध्याकाळी बुंध्यापाशी उभे राहायचे. हे सगळं भिंतीपलीकडे आईला ऐकू जात होतं. ती कपबशा विसळत होती.

"लगीन झाल्यापासून तेका दर्यार धाडताना रोज भियालंय मी," ती एकदा म्हणाली. माझ्याकडे न बघता, कपाच्या कानातली साय बोटाने काढत. "डोंगराचा भय माका कधी वाटला नाय."

माझा चुलतभाऊ रमाकांत याने यंत्रात नवे सेल घातले आणि पडवीत सगळ्यांसमोर ते उघडलं. "एकच खूण आसा," तो म्हणाला. "घराची. काकान घर मारून ठेवल्यान. मासे काय परड्यात पकडूचे होते?"

एक-दोघं हसले, वाईट हेतूने नव्हे. आई दारात उभी होती.

"हसतास कित्याक?" ती म्हणाली. "घराकडे परत येवक होया म्हणान ठेवल्यान."

मला ते पटलं. बाबांनी घ्यायचं म्हणून यंत्र घेतलं आणि पहिली खूण घराची केली. परत यायची वाट आधी. मी ते यंत्र कपाटात ठेवलं. पण ते डोंगरावर का गेले, याचं उत्तर त्यात नव्हतं. आणि वाडीने दिलेलं उत्तर आईला गिळावं लागत होतं, ते मला बघवत नव्हतं.

तेरावं झाल्यावर दाजीकाका आले. पडवीच्या कडेला बसले, पाय खाली सोडून. ठेंगणे, रुंद खांद्यांचे, बोलण्याआधी गुडघा चोळायची सवय असलेले.

"होडी तू ने, दाजी," आई म्हणाली. "हय कुसवन काय करूची?"

"नेवन काय करू, वयनी? ती जागा माका म्हायत नाय."

ती जागा म्हणजे तांबोशी या मासळीची. आमच्या आजोबांना सापडलेली. पाण्याखाली एक खडक आहे, फार मोठा नाही, आमच्या घराएवढा असेल, आणि त्याच्याभोवती तांबोशी राहते. चारी बाजूंना रेती. होडी जराशी इकडे-तिकडे झाली तर गरीला, म्हणजे गळाला, काही लागत नाही. अख्ख्या वाडीला ठाऊक होतं की अशी जागा आहे. कुठे आहे, ते फक्त बाबांना ठाऊक होतं.

दाजीकाका जन्मभर त्या होडीवर होते, तरी त्यांना माहीत नव्हतं, याचं बाहेरच्या माणसाला नवल वाटेल. आमच्याकडे रीतच तशी. जागा जवळ आली की तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य माणूस, इंजिन बंद करतो, आणि दुसरा माणूस काही न बोलता जमिनीकडे पाठ करून बसतो. तांडेल किनाऱ्यावरच्या खुणा जुळवतो. त्याने "सोड" म्हटलं की मगच दुसऱ्याने वळायचं. खुणा बाप मुलाला सांगतो. मुलीला सांगत नाहीत, कारण मुलगी लग्न होऊन दुसऱ्या बंदरात जाते आणि खुणा तिच्याबरोबर जातात. आमच्या घरात मुलगा नव्हता, म्हणून तो विषयच निघत नसे. लहानपणी मी डिझेलचा कॅन आणि जेवणाचा डबा घेऊन होडीपर्यंत जायची. गुडघाभर पाण्यापर्यंत. तिथे बाबा डबा घ्यायचे आणि म्हणायचे, "जा आता." मी वळायची. होडीवर पाय ठेवण्याचा विचार तिथे उभ्या असलेल्या कुठल्याच मुलीच्या तोंडून निघत नसे.

"तुमी इतकी वर्सां वांगडा होतास," मी दाजीकाकांना म्हटलं. "कधी वळान बघलास नाय?"

ते माझ्याकडे असे बघत राहिले, की मी दुसरं काहीतरी विचारायला हवं होतं असं मला वाटलं. मी आत जाऊन यंत्र आणलं, चालू केलं आणि पडदा त्यांच्यासमोर धरला.

"हेच्यात फक्त घर आसा. बघा."

त्यांनी झटकन तोंड भिंतीकडे फिरवलं.

"माका दाखव नको."

"घर आसा हो, दाजीकाका."

"घर नाय ता." ते भिंतीशीच बोलत होते. "ही खूण केल्यान तेव्हा खय उभो होतो तो?"

"माडाच्या मुळाशी."

त्यांनी गुडघा चोळला. बराच वेळ चोळला.

"तरीच," ते म्हणाले. "माड पडलो आणि आमची जागा गेली, चारू. गेलो हंगाम सगळो आमी थय फिरलव. तो इंजिन बंद करी, मी पाठ फिरवन बसय. गरी सोडव, तर खाली नुसती रेव. माका म्हणी, मासो गेलो रे दाजी. मासो खय जातलो? तेका खूण गावना नाय, ता माका समाजला. पन पाठ केलेल्या माणसान काय इचारूचा?"

आई हातातलं सूप बाजूला ठेवून ऐकत होती.

"खुणो जोडयेन आसतत," ते म्हणाले. "एक पुढची, एक पाठची. एकामागे एक इल्यो की एक रेघ. अशी दुसरी जोडी, दुसरी रेघ. दोन रेघो जुळतत थय जागा. माड ही पुढची खूण असतली. पाठची वर डोंगरार खयतरी. माड दिसणा नाय, म्हणान तेका हो डबो होयो होतो. मुळाची खूण मारल्यान, आणि पाठची मारूक वर गेलो." ते थांबले. "भ्रम कसलो? उलट हुशारी ती."

दुकानाच्या पायरीवर बाबांनी विचारलेलं मला आठवत होतं. डोंगरावर चालतं का. दोघांचा आकडा एकच येईल का. डोक्यावर आकाश मोकळं पाहिजे, दुकानदार म्हणाला होता. म्हणून भर पावसात त्यांनी छत्री मिटली होती.

"आये," मी म्हटलं, "छत्री तेनी मुद्दाम मिटली. उघडी आसली तर वरचा आकाश दिसणा नाय ह्या यंत्राक."

आईने पदराचं टोक तोंडाशी नेलं. मग ती उठली आणि घराबाहेर गेली. शेजारच्या पडवीत तिचा आवाज आला, भांडल्यासारखा मोठा. "आयकलास काय गे? भ्रम नाय झालेलो. कामाक गेलेलो तो."

दाजीकाका अजून भिंतीकडे तोंड करून होते. "एक जोडी जुळली तरी काय उपेग? दुसरी तो घेवन गेलो."

ती त्यांनी नेली नव्हती. रवळनाथाचो कळस डोंगराच्या खांडीत बसता, मधोमध. परड्यात, मला त्यांच्या जागेवर उभं करून, बाबांनी मला सगळं सांगितलं होतं. मुलीला सांगायचं नसतं ते. मला वाटलं होतं, ते माडासाठी हळहळताहेत.

"दाजीकाका," मी म्हटलं, "दुसरी जोडी—"

त्यांनी हात वर केला. "सांगू नको. सांगलंस तर ती जागा माझी होतली. मगे तुझ्या बापसाक मी काय तोंड दाखवू?"

"मग जागा कोणाक गावतली?"

"तुका." ते पहिल्यांदा वळले. मी यंत्र पदराखाली घेतल्याची खात्री करून मगच वळले. "तेनी तुका सांगल्यान मा?"

"सांगल्यानी. पन चेडवांका सांगणत नाय ना?"

"चेडवा दुसऱ्या बंदरात जातत म्हणान सांगणत नाय. तू लगीन करूक नाय. तू खयच्या बंदरात गेलंस?" त्यांचे डोळे भरले होते, तरी ते हसत होते. "कोल्हापुराक बंदर आसा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोंगरावर गेले. जिथे बाबा सापडले, तो कातळ मला गुराख्याने आधीच दाखवला होता. तिथून वर बघितलं तर पांढरा दगड दिसत होता, हाक मारली तर पोचेल इतका जवळ. तेवढं अंतर राहिलं होतं. मी ते चढले. पाऊस बारीक होता. दगडाला टेकून मी छत्री मिटली आणि यंत्र छातीशी धरून उभी राहिले. खाली वाडी, आमचं कौलारू घर, आणि त्याच्या पलीकडे मातकट दर्या. अंगठ्याने बटण दाबून धरलं. बीप वाजली. "गावला," मी म्हटलं, कारण ते म्हटल्याशिवाय खूण झाली असं वाटेना.

आता हे लिहायला हरकत नाही. पुढे काही वर्षांनी रस्ता रुंद करताना तो दगड सुरुंग लावून फोडला. देऊळ नवं झालं, जुना कळस उतरवला. वाचून कोणाला काही सापडणार नाही.

ऑक्टोबरात पाणी निवळल्यावर मी रजा काढून घरी आले. दाजीकाकांनी होडी धुऊन तयार ठेवली होती. बाईमाणूस होडीवर नेतोस, असं त्यांना दोघा-तिघांनी ऐकवलं, तर ते म्हणाले, "मी खय नेतंय? तीच माका नेता." आई किनाऱ्यापर्यंत आली. तिच्या हातात जेवणाचा डबा होता. ती काही बोलेल म्हणून मी थांबले.

"चपला काढ आणि मगे चढ," ती म्हणाली. "आणि ह्यो डबो घी."

ती गुडघाभर पाण्यात उभी राहिली. मी होडीवर चढले.

उजाडून बराच वेळ झाला होता. वारा नव्हता. किनारा मागे गेला तसं घर लहान होत गेलं, मग ओळखू येईनासं झालं. दाजीकाका सुकाणूवर होते. मी सांगेन तशी ते होडी वळवत होते, मधूनच म्हणत होते, "मळमळता काय गो? आंबट होया?" मी मान हलवत होते. डावीकडे रवळनाथाचं देऊळ दिसू लागलं. कळस आधी डोंगराच्या काठावर होता, मग हळूहळू सरकत खांडीकडे जाऊ लागला. मी यंत्रावर माडाची खूण निवडली, आकडा बघितला. दगडाची खूण निवडली. दोन्हींत फरक होता. थोडं पुढे गेल्यावर फरक कमी झाला. आणखी कमी झाला.

दाजीकाकांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मग त्यांनी इंजिन बंद केलं, सुकाणू सोडलं, आणि काही न बोलता जमिनीकडे पाठ करून बसले.

एकदम शांत झालं. होडीच्या बुडाला पाणी लागत होतं, तेवढाच आवाज. बाबा जिथे बसायचे त्या फळीवर मी बसले होते. ती फळी एका बाजूला त्यांच्या वजनाने झिजून खोलगट झाली होती. होडी लाटेबरोबर सरकत होती. कळस खांडीत आला. जरासा उजवीकडे होता, मग नव्हता. मधोमध. मी यंत्राकडे बघितलं. माड. दगड. दोन्हींचा आकडा एकच होता. जिथे माड नव्हता तिथे तो मला दिसत होता, जरा दक्षिणेकडे कललेला, दगडाच्या बरोबर पोटात.

"सोड," मी म्हटलं.

दाजीकाकांनी नांगर सोडला. दोर सरसरत गेला आणि मध्येच थांबला. त्यांनी तो बोटांनी चाचपला.

"दगड," ते म्हणाले. "खाली दगड आसा, चारू."

आता वळायला हरकत नव्हती. ते वळले नाहीत. पाठ माझ्याकडेच ठेवून, दोर धरून तसेच बसून राहिले. मी डब्यावर हात ठेवून किनाऱ्याकडे बघत होते. लहानपणी गुडघाभर पाण्यात उभी राहून मी दररोज जे गिळत आले होते, ते ज्यांनी ऐकायचं ते आता नव्हते. तरी मी ते मोठ्याने म्हटलं.

"बाबा, माका येवचा होता. तुमच्या वांगडा माका रोज येवचा होता."